शनिवारची झोप आणि आळसाचा ठपका

संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन शहरातल्या मराठी घरांत शनिवारी सकाळचे दहा वाजले तरी नववी-दहावीतलं मूल उठलेलं नसलं, की एक शब्द हमखास ऐकू येतो: आळशी. हा शब्द साधा वाटतो, पण त्यात मुलाच्या शीलाचा निवाडा दडलेला असतो. म्हणूनच प्रश्न आरोग्यापुरता उरत नाही, तो धर्माचा होतो. जी झोप मुलाच्या इच्छेने येत नाही आणि इच्छेने जातही नाही, तिच्यासाठी त्याला दोषी धरता येईल का? मला तसं धरणं अन्यायाचं वाटतं. वयात येताना शरीरातलं झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा वाढू लागतं. अमेरिकेतल्या संशोधक मेरी कार्स्काडन यांनी हा बदल स्मार्टफोन हाती येण्याच्या कितीतरी आधी नोंदवला होता. या मुलांना लवकर झोप लागत नाही, गरज मात्र आठ ते दहा तासांची असते, आणि सोमवार ते शुक्रवार शाळेची बस थांबत नाही. आठवडाभर साचलेली ही थकबाकी शरीर शनिवार-रविवारी वसूल करतं. झोपेचे अभ्यासक टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या ओढाताणीला ‘सोशल जेटलॅग’ असं नाव दिलं. यावर उपाय म्हणून शाळा उशिरा भरली तर मुलं तेवढीच जास्त जागतील, ही शंका रास्त आहे; पण सिअ‍ॅटल शहरात २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७:५० वरून ८:४५ वर नेली, तेव्हा मुलांची रोजची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढलेली आढळली.

यावर आपल्याकडचा सर्वांत भारदस्त आक्षेप गीतेचा. चौदाव्या अध्यायात प्रमाद, आळस आणि निद्रा ही तमोगुणाची बंधनं म्हणून एका ओळीत येतात. पण त्याच गीतेचा सहावा अध्याय अतिझोपेइतकंच अतिजागरणालाही योगाच्या आड येणारं मानतो आणि झोपणं-जागणं दोन्ही बेताचं असावं असं सांगतो. मग पाच रात्री अपुऱ्या झोपेवर काढायला लावणारं वेळापत्रक या कसोटीवर कसं उतरणार? चरकाने तर आहार आणि ब्रह्मचर्याच्या बरोबरीने निद्रेला शरीराच्या तीन आधारांत बसवलं. बृहदारण्यक उपनिषदात, गाढ झोपलेल्याला एकदम उठवू नये, असा जाणत्यांचा इशाराच नोंदलेला आहे. ज्या समाजात ही मुलं वाढतात त्याचीही साक्ष घ्यावी. अल ऐनमध्ये पहाटेची, फज्रची अजान रोज नमाज झोपेहून श्रेष्ठ असल्याचं सांगते. पण ज्यांच्या कर्माची नोंद करणारी लेखणी उचलली जाते, त्या तिघांत झोपलेला माणूस जागा होईपर्यंत असतो, हेही इस्लामी परंपराच सांगते. जागं होण्याची हाक देणारी परंपरा निद्रिताला आरोपी करत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पहाटे उठण्यासाठी दिला जाणारा ब्राह्ममुहूर्ताचा दाखला मात्र नीट तपासायला हवा. तो सूर्योदयाच्या सुमारे दीड तास आधी सुरू होतो, म्हणजे सूर्याबरोबर सरकतो. अल ऐनमध्ये जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातनंतर. शाळेची घंटा इतकी सरकत नाही. शिवाय तो नियम दिवेलागणीनंतर लवकरच निजणाऱ्या समाजाचा होता. इथे उन्हाळ्यात बाहेर पडण्याजोगी हवा सूर्य मावळल्यावरच मिळते. बाजार, बागा, भेटीगाठी सगळं रात्रीकडे झुकतं, आणि मोठेही त्यात असतात. रात्र आधुनिक ठेवायची आणि पहाट तेवढी प्राचीन मागायची, हा न्याय नव्हे. मोबाइल झोप आणखी पुढे ढकलतो हे खरं, आणि तो रात्री खोलीबाहेर ठेवायला लावणं हे पालकांचं कामच आहे. शनिवारी दुपारपर्यंत झोपल्याने रविवारी रात्री डोळा लागत नाही आणि सोमवार आणखी जड जातो, हेही खरं. म्हणून सुट्टीची झोप तास-दोन तासच वाढू द्यावी आणि मग पडदे उघडून उजेड आत घ्यावा. पण हा उपचार झाला, आणि त्यासाठी ठपका ठेवायची गरज नाही.

उरतो व्यवहाराचा आक्षेप: बस, ऊन, आईवडिलांचं ऑफिस, शाळेची वेळ कोण बदलणार? ज्या देशाने १ जानेवारी २०२२ पासून शुक्रवार-शनिवारची सुट्टी शनिवार-रविवारवर नेली, शुक्रवार अर्ध्या दिवसाचा केला आणि जो दरवर्षी रमजानमध्ये शाळा-कचेऱ्यांच्या वेळा कमी करतो, तिथे घड्याळ अढळ आहे असं म्हणता येत नाही. उपासनेसाठी वेळ वाकते, तर वाढीसाठीही वाकू शकते. महाराष्ट्रात तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी २०२३ च्या अखेरीस मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा मांडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने शाळा नऊपूर्वी भरवू नका असं सांगितलं, पण पूर्वप्राथमिक ते चौथीपुरतंच. ज्या वयात शरीराचं घड्याळ खरोखर मागे पडतं, ती आठवी-नववी-दहावीची मुलं त्या आदेशाबाहेर राहिली. अल ऐनमधल्या पालकांनी शाळेकडे मागणी करायची तर ती याच वर्गांपासून सुरू करावी.