माधुकरी आणि मदत

गेल्या कार्तिकात घाटंजी तालुक्यातील एका गावी आमचे कीर्तन झाले. आरती झाल्यावर एक माउली पाया पडावयास आली. धनी वारलेला, मुलगा सातवीत, पण कापसाची वेचणी लागल्यापासून शाळेत नव्हता. सरकारी मदतीचा अर्ज कर, असे कोणी तिला सुचविले होते. ती म्हणाली, "महाराज, घरचा माणूस गेला म्हणून पैसे घ्याचे, हे भीकच नाही काय?" तेव्हा आम्ही दोन शब्द बोललो खरे, पण नीट उत्तर सुचले ते परतीच्या वाटेवर.

वाचकहो, आम्ही स्वतः आळंदीस माधुकरी मागून शिकलो. त्यास कोणी भीक म्हटले नाही. कां? तर झोळीतली भाकरी पोटात गेली, तरी गावाने ती विद्येसाठी दिली होती. आणि ज्या चार भावंडांना आपण माउली म्हणून पूजतो, ती आईबापांविना याच आळंदीत भिक्षा मागत फिरली, असे परंपरा सांगते. त्यांना ज्यांनी दार लावून घेतले, लाज त्यांची, लेकरांची नव्हे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण आहे: योग्य स्थळी, योग्य वेळी, आणि जो उलट उपकार करू शकत नाही त्याला द्यावे. अनाथ लेकराहून असे पात्र दुसरे कोणते?

आता कोणी म्हणेल, "मग हजेरीची अट कशाला?" अट सर्वत्र आहे. मेक्सिको देशाने १९९७ साली शाळेच्या हजेरीवर आयांच्या हाती पैसा देणे सुरू केले. आपल्याकडेही १९९२ पासून गरीब घरच्या मुलींना चौथीपर्यंत हजेरीच्या दिवसाला एक रुपया ठरला. अट वाईट नाही. माधुकरी मागणाऱ्यानेही पाठ चुकवू नये, हा दंडक होताच. पण एका रुपयाने वेचणीची मजुरी भरून निघते का? आणि हजेरी मोडली म्हणून मदत तोडली, तर जो सर्वांत आधी बुडतो त्याचाच हात आपण आधी सोडला. पोर आले नाही, तर आधी त्याच्या घरी जावे, मग वहीत खूण करावी.

बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या मुलासही, अठरा वर्षे पुरी होईतो, मदत मिळू शकते. २०२३ साली ती महिना २२५० रुपये झाली. परंतु दाखले गोळा करा, यवतमाळच्या बालकल्याण समितीपुढे जा, यात मजुरी बुडते. पैसा उशिरा आला तर वेचणी थोडीच थांबते!

तेव्हा येथे आपले काम आहे. दिंडीत वाट चुकलेल्याला आपण हाताला धरून पालावर आणतो ना? तसेच गावच्या भजनी मंडळाने अशा माउलीचे कागद पुरे करून द्यावेत, आणि पैसा येईतो पोराच्या वह्या-पुस्तकांचे पाहावे. पण त्याचे नाव देणगीदारांच्या पाटीवर घालू नये. उपकाराची दवंडी पिटली की दानाची भीक होते.

माउली, अर्ज कर. ही भीक नव्हे, लेकराची माधुकरी आहे. लाज वाटायचीच असेल, तर ती आम्हांस वाटो.