गोष्ट खरी की सोयीची?

सिटी सेंटरला आमचा बायकांचा स्वाध्याय आटोपला, की गप्पा निघतात. परवा पुन्हा तीच गोष्ट निघाली. बाबराचे सैनिक गोपाचलावरची ४२ फुटी पार्श्वनाथांची मूर्ती फोडायला गेले, चमत्कार झाला आणि ते पळत सुटले! सांगणारीला कुणी सांगितलं? तिच्या जावेनं. जावेला? ते कुणालाच ठाऊक नाही.

मी म्हटलं, "अगं, मग उरवाईच्या मूर्तींचं काय?" १५२८ मध्ये बाबर ग्वाल्हेरला आला. तिथल्या मूर्ती फोडण्याचा हुकूम आपणच दिला, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. चेहरे फुटले. पुढे आपल्याच लोकांनी ते चुन्यानं पुन्हा घडवले. मग तिथले आदिनाथ काय कमी सामर्थ्याचे होते?

आपले तीर्थंकर वीतराग. ते कुणाला वाचवत नाहीत, कुणाला शिक्षाही करत नाहीत. देवांचं येणं, आकाशातून जाणं हे मायावी लोकांतही दिसतं, तेवढ्यानं भगवंत थोर ठरत नाहीत, असं समंतभद्राचार्य आप्तमीमांसेच्या आरंभीच सांगतात. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत अमूढदृष्टी आहे, ती उगीच नाही.

"जाऊ दे गं, श्रद्धा तर वाढते ना?" असं म्हणतात. पण आमच्यातल्याच एकीचा तरुण मुलगा गेला, तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "माझीच भक्ती कमी पडली का?" त्या दिवसापासून मला या गोष्टी निरुपद्रवी वाटत नाहीत.

सांगायचंच, तर चुना कालवून ते चेहरे पुन्हा घडवणाऱ्या हातांचं सांगू या. ते खरं आहे, आणि श्रद्धाही तीच आहे.