संशयाचा फायदा गर्भाला

पोटच्या जिवाला जगू द्यावे की नाही हे ठरवण्याचा अधिकार कुटुंबाला आहे काय, हा प्रश्न बडोद्याला नवा नाही. १८०८ साली बडोद्याचा ब्रिटिश रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर आणि गायकवाडांचे सरदार विठ्ठलराव देवाजी यांनी काठेवाडातील जाडेजा संस्थानिकांकडून मुलींना जन्मताच मारणार नाही असे करार लिहून घेतले. परंतु ही प्रथा देशाच्या अनेक भागांत चालूच राहिली आणि १८७० मध्ये सरकारने तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. पुढे ही हत्या जन्माच्या अलीकडे सरकली. २०११ च्या जनगणनेत गुजरातमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली केवळ ८९० होत्या. १९६६ साली स्थापन झालेल्या बडोदा धर्मप्रांताला गर्भपाताविरुद्धची कॅथलिक शिकवण मांडायची आहे ती अशा भूमीत.

गर्भात आत्मा नेमका कधी येतो या प्रश्नाच्या उत्तरावर ही शिकवण उभी आहे, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलला अनुसरून, गर्भाला विचारक्षम मानवी आत्मा काही काळानंतर मिळतो असे मानले, तरीही त्याआधीचा गर्भपात त्यांनी निर्दोष ठरवला नाही. आत्मा येण्याआधीचा आणि नंतरचा गर्भपात यांत बहिष्काराच्या शिक्षेपुरता केला जाणारा भेद पोप नववे पायस यांनी १८६९ मध्ये काढून टाकला. १९७४ च्या घोषणापत्रात मात्र रोमच्या धर्मसिद्धान्त मंडळाने आत्म्याच्या प्रवेशकाळाचा तात्त्विक प्रश्न मुद्दाम खुला ठेवला आणि असे प्रतिपादन केले की, गर्भ ही व्यक्ती आहे की नाही याबद्दल शंका असली, तरी माणूस मारला जाण्याचा धोका जाणूनबुजून पत्करणे हेच गंभीर पाप होय. या युक्तिवादाचे बळ असे की त्यात अज्ञानाची प्रामाणिक कबुली आहे आणि संशयाचा फायदा दुर्बळाला दिला आहे. आईच्या गर्भाशयाचा कर्करोग काढताना गर्भ दगावला, तर तो हेतू नसलेला परिणाम म्हणून वेगळा धरला जातो. यालाच द्विपरिणामाचे तत्त्व म्हणतात.

भारतीय कायदा दुसऱ्या टोकाकडून निघतो. असुरक्षित गर्भपातांत स्त्रिया मरत होत्या, म्हणून १९७१ च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी गर्भपाताला परवानगी दिली आणि २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतील स्त्रियांसाठी गर्भपाताची मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढवली. लिंगनिदानावर मात्र १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. या बंदीला ख्रिस्तसभेचा पूर्ण पाठिंबा असला, तरी तिचा आक्षेप निवडीच्या कारणापाशी थांबत नाही, कारण तिच्या दृष्टीने मुलीचा गर्भ जितका रक्षणीय तितकाच व्यंग असलेला किंवा नकोसा झालेला गर्भही.

तथापि, ज्या स्त्रियांच्या मृत्यूंमुळे १९७१ चा कायदा आला त्या मृत्यूंना उत्तर केवळ निषेधाने देता येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये गर्भपाताच्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला. ही करुणा आवश्यक आहे, पण ती घटना घडून गेल्यानंतरची आहे. आधीच्या करुणेचे उदाहरण महाराष्ट्रात आहे, आणि ते एका ख्रिस्तीतर दांपत्याचे आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून संकटात सापडलेल्या विधवांना दोष न देता बाळंतपणाची सोय केली, आणि अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत याला त्यांनी आपला मुलगा म्हणून वाढवले. गर्भाच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येक धर्मप्रांताकडून, बडोद्याच्याही, एवढीच अपेक्षा करणे न्याय्य आहे.