स्टिअरिंगला मदत हवी, पण दिशा कोणाची?



आजचं वाचन: कठोपनिषद, पहिला अध्याय, तिसरी वल्ली, मंत्र ३ ते ९.

यमधर्म नचिकेताला रथाचं रूपक सांगतात, तो हा भाग. आत्मा हा रथाचा मालक, शरीर म्हणजे रथ, बुद्धी म्हणजे सारथी, मन म्हणजे लगाम, इंद्रियं म्हणजे घोडे, आणि विषय म्हणजे ते घोडे ज्यांवरून धावतात त्या वाटा. ज्याची बुद्धी जागी नाही आणि मन आवरलेलं नाही, त्याची इंद्रियं द्वाड घोड्यांसारखी सारथ्याला जुमानत नाहीत. ज्याचा सारथी जागा आहे, तो वाटेच्या शेवटाला, विष्णूच्या परमपदाला पोचतो.

आता खरं सांगा, तुमच्यापैकी घोड्यांचा रथ कोणी हाकलाय? मीही नाही. त्यामुळे हे मंत्र पाठ असूनही माझ्या हाताला कधी जाणवले नव्हते. ते जाणवले एका जुन्या गाडीच्या स्टिअरिंगवर.

आम्ही राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या जवळ. इथे मोटारी म्हणजे घराघरातला विषय. आमच्या शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत, माझी लेक त्यांना 'कार आजोबा' म्हणते. त्यांच्याकडे १९६६ सालची फोर्ड मस्टँग आहे. कित्येक वर्षं खपून त्यांनी ती पुन्हा उभी केली. रंग, सीट्स, इंजिन, सगळं झालं. पण रस्त्यावर काढली की गाडी आपली आपण डावीकडे जायची. नातीला शेजारी बसवून फिरवायचं त्यांच्या मनात होतं, आणि तेवढ्यासाठीच ते थांबले होते. "मी एकटा असतो तर चालवली असती," म्हणाले. मी शनिवारी मदतीला गेलो.

या गाडीचं पॉवर स्टिअरिंग समजून घ्या, कारण आजच्या गाड्यांपेक्षा ते वेगळं आहे. मूळ स्टिअरिंग बॉक्स साधा, यांत्रिक. इंजिन बंद असलं तरी चाकं वळतात, फक्त जोर लागतो. मदत बाहेरून जोडलेली आहे. बेल्टवर फिरणारा पंप तेलाला दाब देतो. चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर एक कंट्रोल व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तुम्ही चक्र जरासं फिरवलं की व्हॉल्व्हमधली दांडी, म्हणजे स्पूल, किंचित सरकतो. त्या बाजूने तेल एका सिलिंडरमध्ये शिरतं आणि सिलिंडर चाकांना त्याच दिशेने ढकलतो. तुम्ही थांबलात की स्पूल मध्यावर येतो, दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि मदतही थांबते.

म्हणजे हेतू तुमचा, ताकद तेलाची.

आता हा स्पूल मध्यापासून केसभर जरी सरकून बसला, तरी तुम्ही काहीही केलेलं नसताना तेल एका बाजूला दाबत राहतं. पंप उत्तम, तेल पुरेसं, कुठे गळती नाही. प्रत्येक भाग आपापलं काम चोख करतोय, आणि तरी गाडी तुमची राहिलेली नाही.

घोडे द्वाड होतात म्हणजे काय, हे मला तिथे कळलं. घोड्यांत खोट नसते. ताकदीला सारथ्याचा इशारा लागेनासा होतो, एवढंच.

कार आजोबांना लोकांनी दोन सल्ले दिले होते. पहिला: "चक्र थोडं उजवीकडे धरून चालवा, सवय होईल." दुसरा: "पॉवर स्टिअरिंग काढूनच टाका, साधं बसवा." दोन्ही नीट बघा हं, कारण साधनेत आपण नेमके हेच दोन सल्ले एकमेकांना देतो.

पहिला सल्ला म्हणजे आपण ज्याला संयम समजतो तो. मन डावीकडे ओढतंय, मी उजवीकडे ओढतोय. फोन उलटा ठेवतो, दात-ओठ खाऊन बसतो. मैलभर जमतं. मग हात भरून येतात, एक क्षण पकड सुटते, आणि गाडी समोरच्या लेनमध्ये. एकादशीला दिवसभर आवरलेला माणूस द्वादशीला दुप्पट का खातो, त्याचं उत्तर इथे आहे.

दुसरा सल्ला म्हणजे घोडेच सोडून द्या. पैसा वाईट, महत्त्वाकांक्षा वाईट, कौतुक वाईट. पण मंत्र पुन्हा वाचा. यमधर्म घोडे सोडायला सांगत नाहीत. सहाव्या मंत्रात तेच घोडे चांगले घोडे होतात, सारथ्याचं ऐकणारे. रथ तर जायचाच आहे, आणि तो घोड्यांशिवाय जाणार नाही.

मग तिसरी वाट कोणती? आधी शोध, मग दुरुस्ती.

गाडी एका बाजूला जाते याची कारणं अनेक. एका टायरमध्ये हवा कमी, अलाइनमेंट बिघडलेलं, एखादा ब्रेक घासतोय. ती सगळी आम्ही आधी तपासली. मग पुढची चाकं उचलून गाडी स्टँडवर पक्की ठेवली आणि इंजिन चालू केलं. चक्राला कोणाचाही हात नव्हता, तरी चाकं स्वतःहून डावीकडे वळली. इंजिन बंद करून सिलिंडरचा दांडा चेसिसच्या ब्रॅकेटपासून सोडवला. म्हणजे आता सिलिंडर ढकलणार तरी कशाला? पुन्हा इंजिन चालू. दांडा एकटाच हळूहळू सरकत गेला. ओढ कुठून येतेय ते डोळ्यांसमोर आलं.

पुढचं काम छोटं होतं. व्हॉल्व्हच्या टोकाची टोपी काढली की आत एक नट असतो. तो जरा जरा फिरवायचा आणि दांड्याकडे बघायचं. सरकण्याचा वेग कमी झाला, मग थांबला. एवढ्या मोठ्या गाडीची दिशा त्या नटाच्या थोड्याशा फेऱ्यावर अवलंबून होती!

हे लिहायला आणखी एक कारण घडलं. गेल्या महिन्यात मला दुसऱ्या राज्यातून नोकरीची ऑफर आली. पगार बराच जास्त, पद मोठं, उत्तर द्यायला एक आठवडा. सगळे म्हणाले, विचार कसला करतोस? मिरजेहून बाबांचा फोन, "तुला योग्य वाटेल ते कर." मन तर कधीच तिकडे वळलेलं. बायकोच्या इथल्या कोर्सचं एक वर्ष बाकी आहे. ती रागावली नाही, भांडली नाही. तिने फक्त विचारलं, "पगार आहे तेवढाच असता, तर आपण गेलो असतो का?"

हा प्रश्न म्हणजे दांडा ब्रॅकेटपासून सोडवणंच.

आकडा बाजूला काढला. पद काढलं. मित्र काय म्हणतील तेही काढलं. मग दुसऱ्या बाजूचं बघायलाही विसरलो नाही: नवीन जागेची भीती, इथला आराम, तेही काढलं. उरलं काय? काम जवळजवळ हेच. आणि तिघांच्या घरातलं एक वर्ष. मी नाही कळवलं. नंतर दोन दिवस मन पुन्हा तिकडे झुकलं, नाकारत नाही. पण ते आवरताना हात दुखले नाहीत, कारण मी उलटं ओढत नव्हतो. ओढ कुठून येतेय ते मला दिसत होतं.

दुसऱ्या कोणी हीच परीक्षा करून 'हो' म्हटलं, तर तेही तितकंच बरोबर. पगार हे चांगलं तेल आहे, त्याने संसार चालतो. त्याने आपण ठरवलेल्या दिशेला जोर द्यावा. दिशा त्याने ठरवू नये.

एका जागी मात्र गाडी आणि मन वेगळे आहेत. व्हॉल्व्ह एकदा जुळला की बराच काळ तसाच राहतो. मनाचा मध्य रोज सरकतो. सकाळी जुळवला तर दुपारच्या एका ईमेलने हलतो. म्हणून तर नाम रोज, वाचन रोज, संध्याकाळचा दिवा रोज. या गोष्टी मनाला मध्यावर आणून ठेवतात, आणि मग बुद्धीचा हलका इशाराही पुरतो.

आजची साधना, दहा मिनिटांची. तुम्हाला सध्या जोरात ओढणारी एक गोष्ट घ्या. खरेदी, नातं, नोकरी, कोणाला तरी द्यायचं उत्तर, काहीही. शांत बसून अकरा वेळा नाम घ्या. मग त्या गोष्टीला मिळणारी मदत एक एक करून सोडवा: पैसा, कौतुक, भीती, इतरांशी तुलना. प्रत्येक वेळी बघा, दांडा अजून सरकतोय का? लगेच काही बदलू नका. ओढ नक्की कुठली ते कळलं, की पाव फेरा पुरतो.

आणि सगळं सोडवल्यावरही मन शांतपणे त्याच दिशेला बघत असेल, तर निर्धास्त निघा. तिथे सारथी जागा आहे.

उद्या याच वल्लीतले पुढचे दोन मंत्र घेऊ.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥