थंडीतलं पाणी

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३५. मन चंचल आहे हे भगवंत मान्य करतात. पण अभ्यासाने आणि वैराग्याने ते आवरतं, असं सांगतात.

डेन्व्हरला आमच्या मागच्या अंगणात सफरचंदाचं झाड आणि द्राक्षाची वेल होती. पहिल्या हिवाळ्यात पानं गळाली आणि मी पाणी बंद केलं. झोपलेल्या झाडाला पाणी कशाला? वसंतात साठवलेल्या अन्नावर सफरचंद फुटलंही. जूनमध्ये वाळलं. वेल कशीबशी वाचली. इथली थंडी कोरडी. वर काही दिसत नसलं तरी मुळं जिवंत असतात, त्यांना ओल लागते.

आता जमिनीवर बर्फ नसेल आणि पारा ४ अंश सेल्सिअसच्या वर असेल अशा दुपारी, महिन्यातून एक-दोनदा, वेलीला आणि नव्या रोपाला सावकाश पाणी देतो. रात्री गोठायच्या आत ते मुरायला हवं.

बाबा गेल्यावर माझा जपही असाच बंद पडला. काही वाटतच नाही, मग बसायचं कशाला? काही महिने जुन्या सवयीवर निभावलं. मग आतून वाळत गेलो, घरच्यांवर चिडू लागलो.

मंडळी, अभ्यास म्हणजे हेच थंडीतलं पाणी. आज गोडी वाटत नसेल, तरी एक माळ करूया.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥