दुबार पेरणीचा डबा

मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका गावात एक शेतकरी जोडपं राहत होतं. लग्नाला आठ वर्षं झाली, तरी घरात पाळणा हलला नव्हता. दोघांच्याही तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी टेस्ट ट्यूब बेबीचा, म्हणजे आयव्हीएफचा उपाय सुचवला. अमरावतीच्या दवाखान्यात खर्च विचारला तेव्हा आकडा कळला: दीड लाख.

नवरा मनाशी ठरवूनच घरी आला. "बाबा, दोन एकर गहाण ठेवतो. दीड लाख उभे होतात."

म्हातारा उठला आणि आतून टिनाचा डबा घेऊन आला. डब्यात जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या नोटा होत्या.

"हे कायचे पैसे आहेत, माहीत आहे ना?"

"दुबार पेरणीचे."

"मृगाचं पाणी येते, आपण सरकी टोबतो, अन् मंग वीस दिवस आभाळ कोरडं. कितीदा झालं असं? डबा होता म्हणून सावकाराच्या दारात जा लागलं नाही. तू डॉक्टरले इचारलं का, पयली पेरणी नाही साधली तर काय?"

मुलगा गप्प झाला. सुनेने मात्र कोनाड्यातली वही काढली.

पुढच्या खेपेला तिने वहीतले प्रश्न एकेक करून विचारले. दीड लाखात इंजेक्शनं धरली आहेत का? गर्भ गोठवायचे पैसे किती, आणि दरवर्षी ठेवायचे किती? उपचार मधेच थांबला तर काय परत मिळतं? यश किती जणींना येतं? डॉक्टरांनी सगळं सांगितलं. खर्च, धोके आणि यशाची शक्यता जोडप्याला समजावून सांगणं २०२१ च्या कायद्याने दवाखान्यावर बंधनकारकच आहे. इंजेक्शनांचे साठ-सत्तर हजार वेगळे निघाले. पहिल्याच खेपेला यश येईल याची खात्री कोणालाच देता येत नाही, हेही कळलं.

मग दोघं अकोल्याला गेले. तिथला आकडा मोठा वाटला, पण त्यात इंजेक्शनं धरलेली होती. वहीत शेजारी शेजारी मांडल्यावर दोन्ही खर्च जवळपास सारखेच भरले. गाडीभाडं आणि बुडणारी मजुरी तिने खाली लिहिली.

"किती थांबता येईल?" तिने शेवटचं विचारलं. तिला एकतिसावं लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, "कापूस घरात येईपर्यंत थांबा. पण वर्षं घालवू नका, वय वाढलं की यश घटतं."

कापूस विकला. पैशाचे दोन भाग केले आणि एक भाग डब्यात ठेवला. दोन खेपांपुढे जायचं नाही, हेही नवराबायकोने तेव्हाच ठरवलं.

पहिली खेप साधली नाही. त्या रात्री सून खूप रडली. सासरा ओसरीवरूनच म्हणाला, "पोरी, डबा आहे."

गोठवलेले गर्भ होते, त्यामुळे दुसऱ्या खेपेला खर्च बराच कमी आला. या वेळी पाळणा हलला. तो हलला नसता, तरी शेत त्यांचंच राहिलं असतं आणि एकमेकांना बोल लावायची वेळ आली नसती.

बोध: उपचार सुरू करण्याआधी पुऱ्या खर्चाचा लेखी कागद मागा, दुसऱ्या खेपेचे पैसे बाजूला ठेवा आणि कुठे थांबायचं ते दोघांनी मिळून आधीच ठरवा.