एकाच कानात दोन प्रमाणे

लॅपटॉपवर चालू असलेले कीर्तन ध्वनिमुद्रित करून ठेवायचे, तर डोळस माणसाला फारसे कष्ट पडत नाहीत. ऑडॅसिटी हा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम उघडायचा, ‘विंडोज वासापी’ या पर्यायाखालचे ‘लूपबॅक’ उपकरण निवडायचे, मुद्रण सुरू करायचे. स्पीकरकडे निघालेला आवाज मायक्रोफोनशिवाय थेट फाइलमध्ये उतरतो. अंध माणूस हेच करतो तेव्हा मात्र ऐन निरूपणात आणखी कोणीतरी बोलते. तो असतो स्क्रीन रीडर: बटणांची, खिडक्यांची नावे सांगणारा. लूपबॅक स्पीकरकडे जाणारी सगळी बेरीज उचलतो. त्यातला कीर्तनकार कोणता आणि वाटाड्या कोणता, हे त्याला कळत नाही.

इथे न्यायदर्शनाची आठवण होणे साहजिक आहे. ते ज्ञानाची चार साधने, म्हणजे प्रमाणे, मानते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. कीर्तन कानावर पडते ते प्रत्यक्ष. पण समोरचे बटण मुद्रणाचे आहे, हे कळते ते कोणाच्या तरी सांगण्यावरून, म्हणजे शब्दाने. डोळसालाही पडद्यावरचे अक्षर हा शब्दच, फक्त तो डोळ्यांच्या वाटेने येतो, म्हणून गाण्यात मिसळत नाही. अंध माणसाकडे दोन्ही प्रमाणे एकाच कानाने येतात.

तरीही त्याचा गोंधळ होत नाही. न्यायसूत्रांत मनाची खूण हीच सांगितली आहे, की अनेक ज्ञाने एकाच वेळी उपजत नाहीत. ऐकणारा कधी कीर्तनाकडे मन देतो, कधी सूचनेकडे. मुद्रण करणाऱ्या यंत्राला मन नाही, म्हणून ते निवडत नाही.

सोडवणुकी आहेत. स्क्रीन रीडरचा आवाज दुसऱ्या उपकरणाकडे, म्हणजे यूएसबी हेडफोनकडे वळवता येतो. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या 2024.2 आवृत्तीपासून तो एका कानात आणि बाकीचे आवाज दुसऱ्या कानात ठेवता येतात. मग फाइलमधली एक बाजू काढून टाकली की काम झाले. किंवा स्क्रीन रीडरचे बोलणेच बंद करायचे, पण मग आपण कुठल्या बटणावर आहोत हे सांगणारे कोणी उरत नाही.

पण शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, आणि हा सांगणारा तरी आप्त आहे का? न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांच्या मते आप्त म्हणजे ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे. यंत्राला इच्छा नाही. ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने बटणाला दिलेले नाव तेवढे वाचते. बौद्ध तार्किक दिङ्नाग शब्दाला वेगळे प्रमाण न मानता अनुमानातच घालतात. पण इथे नैयायिकांचे म्हणणे अधिक खरे वाटते. नाव देणारा कोणाला तरी काही सांगत असतो, आणि आप्तपण त्याच्याकडे जाते. आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असे वात्स्यायन स्पष्ट सांगतात. स्क्रीन रीडर बनवणाऱ्यांनाही ते लागू पडते: एनव्हीडीए 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केले आणि जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध. पडदा न दिसणे म्हणजे काय, हे त्यांनी साक्षात जाणले होते, आणि जे बनवले ते विनामूल्य दिले.

बटणाला नावच दिलेले नसेल, तर स्क्रीन रीडर नुसते ‘बटण’ म्हणतो. तिथे शब्दप्रमाण संपते. मग अंध माणूस ते दाबून पाहतो, थोडा वेळ जाऊ देतो, मुद्रण थांबवतो आणि कीर्तन खरोखर उतरले का, हे फाइल वाजवून स्वतःच्या कानाने तपासतो.